गर्भपाताच्या कायद्याची राजकीय किंमत कोण मोजतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत २०२२ साली गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला आणि तिथल्या निवडणुका त्या विषयाभोवती फिरू लागल्या, भारतात २०२१ साली गर्भपाताचा कायदा बराच सैल झाला, तरी नाशिक जिल्ह्यात त्याने एकही मत इकडचे तिकडे झाल्याचे दिसले नाही. असे का झाले, आणि जिल्हा परिषदेच्या एका गटात उमेदवाराच्या प्रचाराचे काम करताना आपण हा विषय काढावा की टाळावा? मी नाशिकला वकिली करते आणि वैद्यकीय कायद्याच्या प्रकरणांत कधी डॉक्टरांच्या, तर कधी रुग्णांच्या बाजूने बरीच वर्षे उभी राहत आले आहे. त्यामुळे हे उत्तर कायद्याच्या अंगाने जाणार, हे गृहीत धरावे.

कायदा सैल झाला की कडक, एवढ्यावरून त्याचा राजकीय परिणाम ठरत नाही, असे माझे मत आहे. लोक जी गोष्ट आपली म्हणून धरून चालले होते ती काढून घेतली गेली आणि काढून घेणारा कोण हे स्पष्ट दिसले, तर मतदार त्याचा हिशेब मागतो. आपल्याकडे यातली पहिलीच अट पुरी होत नाही, कारण आपल्या कायद्याने गर्भपात हा स्त्रीचा हक्क म्हणून दिलेलाच नाही. ठरावीक परिस्थितीत तो करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. जे आपल्या हातात कधी आलेच नाही, त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. म्हणून या कायद्याचे आपल्याकडचे राजकारण मतपेटीपाशी न होता नियमावलीत, तपासणी पथकांच्या दौऱ्यांत, औषधांच्या दुकानांत आणि ग्रामपंचायतीच्या उमेदवारी अर्जांत होते.

आधी अमेरिकेचे पाहू, कारण तिथल्या अनुभवाची आपल्याकडे अर्धीच बाजू पोहोचली आहे. १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ या निकालाने गर्भपाताला घटनेचे संरक्षण मिळाले आणि २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते काढून घेतले. मधल्या काळात रिपब्लिकन पक्षाला गर्भपातबंदीचे आश्वासन देणे अगदी स्वस्त पडत होते. एखाद्या राज्याने कितीही कडक कायदा मंजूर केला तरी न्यायालय तो अडवणार हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे पक्षाचा कट्टर समर्थक खूश राहत असे, आणि ज्यांना त्या कायद्याची झळ बसली असती त्यांना ती प्रत्यक्षात बसत नसे. निकाल फिरला आणि कागदावरचे हे कायदे एकाएकी दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. दीड महिन्याच्या आत, २ ऑगस्ट २०२२ रोजी, कॅन्सससारख्या रिपब्लिकन राज्यात राज्यघटनेतील गर्भपाताचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो फेटाळला. पुढच्या वर्षी ओहायोत सुमारे ५७ टक्क्यांनी हा हक्क राज्यघटनेत घातला.

मात्र २०२४ चे निकाल नीट वाचले पाहिजेत. त्या नोव्हेंबरात दहा राज्यांत गर्भपाताच्या हक्काचा प्रश्न स्वतंत्र मतपत्रिकेवर होता आणि सात राज्यांत हक्काची बाजू जिंकली. मिसुरी, मोंटाना, ॲरिझोना आणि नेवाडा या राज्यांतील मतदारांनी ज्या दिवशी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने कौल दिला, त्याच दिवशी ट्रम्प यांनाही निवडून दिले. फ्लोरिडात तर बहुमत, म्हणजे सुमारे ५७ टक्के मते, मिळूनही प्रस्ताव पडला, कारण तिथे ६० टक्क्यांची अट आहे. प्रश्न पक्षापासून सुटा करून विचारला की मतदार त्याचे उत्तरही सुटे देतो. विषयावर त्याचे मत ठाम असते, पण सरकार निवडताना महागाई आणि स्थलांतर त्याला अधिक जवळचे वाटू शकते. ज्या देशात असा सुटा प्रश्न विचारण्याची सोयच नाही, आणि आपल्या घटनेत सार्वमताची तरतूद नाही, तिथे असले मत पक्षाच्या मताखाली कायमचे दबून राहते.

युरोपातली दोन उदाहरणे परस्परविरोधी आहेत, म्हणून उपयोगी. आयर्लंडमध्ये मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवे येथील रुग्णालयात मृत्यू झाला. सतराव्या आठवड्यात गर्भ पडू लागला होता, तो वाचणार नाही हे स्पष्ट होते, पण गर्भाचे ठोके चालू असल्याचे सांगून त्यांची गर्भपाताची विनंती नाकारण्यात आली आणि जंतुसंसर्ग त्यांच्या जिवावर बेतला. त्यानंतर तिथल्या राजकीय पक्षांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ९९ सामान्य नागरिकांची सभा बसवून तिच्यापुढे सर्व बाजू मांडल्या, मोठ्या पक्षांनी आपल्या सदस्यांना या विषयावर पक्षादेशातून मोकळे ठेवले, आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी १९८३ ची घटनादुरुस्ती रद्द केली. एवढा मोठा बदल होऊनही कोणताच मोठा पक्ष त्यापायी मोडला नाही. पोलंडमध्ये उलटे घडले. ऑक्टोबर २०२० मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भातील गंभीर व्यंगाचे कारण बाद केले, आणि तिथले जवळजवळ सर्व कायदेशीर गर्भपात त्याच कारणाखाली होत असत. लाखो लोक रस्त्यावर आले. तीन वर्षांनी, विक्रमी ७४ टक्के मतदानाच्या निवडणुकीत, सत्ताधारी पक्षाचे बहुमत गेले. त्याला इतरही कारणे होती. पण निर्णय न्यायाधिकरणाच्या आडून घेतला तरी त्याची जबाबदारी लोकांनी सरकारवरच टाकली, हे नाकारता येत नाही. गंमत अशी की नव्या आघाडीलाही कायदा बदलता आला नाही: जुलै २०२४ मध्ये गर्भपाताला साहाय्य करणे गुन्ह्यातून वगळण्याचे विधेयक तिथल्या संसदेत २१८ विरुद्ध २१५ मतांनी पडले.

आता आपल्याकडे येऊ. १८६० च्या भारतीय दंड संहितेने स्त्रीचा जीव वाचवण्यापुरता अपवाद सोडून गर्भपात गुन्हा ठरवला, आणि त्यात खुद्द स्त्रीही गुन्हेगार होती. १९६४ साली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. त्या समितीच्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यामागे मातामृत्यूंची काळजी होती आणि लोकसंख्येची धास्तीही होती. स्त्रियांच्या मोठ्या आंदोलनाने तो मिळवला, असे झाले नाही. संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्याचे कारण कायद्यात आले, तेही फक्त विवाहित स्त्रीपुरते. दंड संहितेतील गुन्हा तसाच राहिला आणि त्याच्यावर डॉक्टरसाठी अपवादाचे एक छप्पर घातले गेले. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेने जुनी दंड संहिता बाजूला केली, तेव्हा हा गुन्हा वगळण्याची संधी होती. तो कलम ८८ म्हणून जसाच्या तसा आला, आणि राजद्रोहाच्या कलमावर जेवढी चर्चा झाली तिच्या शतांशानेही या कलमावर झाली नाही.

प्रजननाच्या प्रश्नावर भारतीय मतदार पेटतच नाही, असा याचा अर्थ नाही. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने तो पेटला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे तो कायदा झाला नाही. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, त्यात या सक्तीचा वाटा मोठा होता. तिथे काय हिरावले गेले हे उघड होते, आणि कोण हिरावतो आहे हेही: उद्दिष्ट पुरे करायला आलेला सरकारी माणूस दारातच उभा होता. पुरुषांच्या शरीराला हात लागला म्हणून तो राग मतपेटीपर्यंत गेला, असे मला नेहमी वाटत आले आहे. पण ते माझे अनुमान आहे.

२०२१ च्या दुरुस्तीत यांपैकी काहीच नव्हते. एका डॉक्टरच्या मताने वीस आठवड्यांपर्यंत, ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मताने त्यानंतरही, अशी रचना झाली. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असा बदल झाला, जो सामाजिकदृष्ट्या फार मोठा होता. विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले, त्यामुळे कोणत्या खासदाराचे मत काय होते याची नोंदच नाही. २४ सप्टेंबर २०२१ रोजी दुरुस्ती लागू झाली तेव्हा केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या दिंडोरीच्या तत्कालीन खासदार डॉ. भारती पवार. म्हणजे या कायद्याचे श्रेय किंवा दोष घ्यायचाच तर आपल्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा देशात दुसरी नव्हती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्या पराभूत झाल्या, तेव्हा लासलगावपासून कळवणपर्यंत चर्चा डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीची होती. त्या प्रचारात गर्भपाताच्या कायद्याचा उल्लेख बाजूने किंवा विरोधात माझ्या कानावर आला नाही. आणि त्यात नवल नाही: कांद्याचा भाव पडला की शेतकरी बाजार समितीत उघडपणे ओरडतो, तर जिला दिवस राहिले आहेत आणि ते नको आहेत ती बाई शक्यतो आपल्या गावच्या दवाखान्यातही जात नाही, शेजारच्या तालुक्यात जाते. ज्या गरजेचा उच्चारच होत नाही, तिचा मतदारसंघ तयार होत नाही.

मग आपल्याकडे राजकीय परिणाम दिसतो कुठे? सर्वांत ठळकपणे तो गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत दिसतो. या प्रकारावर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा आणि केंद्राचा १९९४ चा. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. २०१२ मध्ये परळीत आणि २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळमध्ये मुलींचे गर्भ बेकायदा पाडल्याची प्रकरणे उघड झाली, राज्यभर संताप उसळला, आणि प्रत्येक पक्षाला या विषयावर कठोर दिसणे भाग पडले. ते योग्यच होते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा हवा आणि तो कडक हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अडचण पुढे झाली. लिंगनिदान करणारा शोधणे कठीण असते, कारण तो सौदा चार भिंतींत, तोंडी आणि दोन्ही पक्षांच्या संमतीने होतो. गर्भपात करणारा मात्र नोंदणीकृत असतो, त्याच्याकडे रजिस्टर असते, पाटी असते. त्यामुळे कारवाईचे आकडे दाखवण्याचा दबाव आला की पथक पाटी असलेल्याकडे वळते. गर्भपाताच्या गोळ्यांवर अन्न व औषध प्रशासनाची करडी नजर वळली आणि राज्यातल्या कित्येक औषधविक्रेत्यांनी नको ती झंझट म्हणून त्या ठेवणेच बंद केले. आता वैद्यकीय वस्तुस्थिती पाहा: या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत देतात, आणि सोनोग्राफीत लिंग समजते ते त्याच्या पुढच्या आठवड्यांत. म्हणजे गोळ्या दुर्मिळ झाल्याने लिंगनिवड थांबत नाही. पेठ किंवा सुरगाण्याच्या बाईला लवकर आणि सुरक्षित करता आला असता तो गर्भपात उशिरा, शस्त्रक्रियेने, किंवा भलत्याच माणसाच्या हातून करावा लागतो. पहिल्या दोन मुली असलेली बाई तिसऱ्या खेपेला अगदी खऱ्या कारणाने आली तरी डॉक्टर कचरतो. मी ज्या डॉक्टरांची कामे पाहते त्यांच्यापैकी काहींनी बारा आठवड्यांनंतरचे गर्भपात घेणेच सोडले आहे. कायदा त्यांना परवानगी देतो, पण नोटिशीला उत्तरे देत बसण्यापेक्षा त्यांना ते सोपे वाटते. रुग्णालयांच्या भिंतींवरचे फलक वाचून तर कोणालाही वाटावे की गर्भपात करणे हाच गुन्हा आहे. संसदेने कायदा सैल केला आणि जिल्ह्याच्या पातळीवर तो घट्ट झाला, दोन्ही एकाच दशकात, आणि दुसऱ्या बदलावर कोणाचीही सही नाही. ज्या बदलावर कोणाची सही नाही, त्याचा जाब निवडणुकीत विचारायचा कोणाला?

दुसरी जागा आपल्या कामाच्या अधिक जवळची आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती महाराष्ट्रात ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेची सदस्य होण्यास अपात्र ठरते. ग्रामपंचायतीच्या अशा तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतात आणि मी त्या चालवल्या आहेत. जन्माचे दाखले, अंगणवाडीची नोंद, शाळेचा दाखला असे कागद विरोधक जमा करतात. मूल दत्तक दिल्याचे सांगूनही सुटका होत नाही. या नियमाचा गर्भपाताशी असलेला संबंध कागदावर येत नाही, पण तो साधा आहे. निवडणूक लढवायची आहे नवऱ्याला, किंवा राखीव जागेवर बायकोला पुढे करून घराण्याला, आणि तिसऱ्यांदा दिवस राहिलेल्या बाईने ते ठेवायचे की नाही हे ठरते प्रभागरचना पाहून. दोन मुली असतील तर हिशेब आणखी वाकडा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणातील असाच नियम वैध ठरवला. पुढे हरियाणाने स्वतःच तो मागे घेतला, आंध्र प्रदेशने २०२४ मध्ये काढला, महाराष्ट्रात तो आहे.

न्यायालयांबद्दल थोडक्यात सांगते. व्यंगाचे कारण नसलेले चोवीस आठवड्यांनंतरचे प्रकरण उच्च न्यायालयात जाते आणि नाशिकसाठी ते मुंबईतच. शेजारचे धुळे आणि जळगाव औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांना चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ दिला, आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तिची व तिच्या पालकाची तशी विनंती असल्यास डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख कळवण्याची गरज नाही, हेही सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सव्वीस आठवड्यांची गर्भवती असलेल्या, दोन मुलांच्या आईला परवानगी नाकारली. न्यायाधीशांतच मतभेद व्हावेत इतका हा विषय अवघड आहे. पण प्रत्येक गाठ न्यायालयात सुटते अशी सवय लागली की विधिमंडळाला आपले मत सांगावेच लागत नाही, आणि त्या सुखात अमेरिकेचे राजकारणी जवळपास पन्नास वर्षे राहिले होते.

पुढे काय होऊ शकते, असेही आपण विचारले आहे. १९७१ च्या कायद्याला जो शांत पाठिंबा मिळाला त्याचा मोठा आधार ‘लोकसंख्या फार आहे’ ही सर्वपक्षीय समजूत होती. ती आता ढळते आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण प्रजनन दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आला. आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू अधिक मुले होऊ द्या असे सांगतात. सरसंघचालक मोहन भागवत यांनी डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात तीन अपत्यांची गरज बोलून दाखवली. यातल्या कोणीही गर्भपातावर बंदी मागितलेली नाही आणि तसे त्यांच्या तोंडी घालणे अन्यायाचे होईल. पण जन्मदर घसरल्याची भीती राज्याला कुठे नेऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण रुमानियाचे आहे. चाउशेस्कू राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. पुढच्या वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले, मग लोकांनी आडवाटा शोधल्या, जन्मदर पुन्हा उतरला आणि मातामृत्यू मात्र वाढतच गेले. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूला गोळ्या घातल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या सत्तेने ही बंदी उठवली. लोकसंख्या कमी करण्यासाठी दिलेली सोय लोकसंख्या वाढवण्यासाठी काढून घेता येते. हक्काच्या पायावर दिलेली सोय काढणे तेवढे सोपे नसते. आपल्याकडे बदल झालाच तर तो बंदीच्या विधेयकाने होईल असे मला वाटत नाही. केंद्रांची मान्यता लांबवणे, गोळ्यांच्या नोंदी वाढवणे, एखादी जास्तीची सही मागणे, असा तो येईल.

म्हणून आपल्या उमेदवाराने व्यासपीठावरून गर्भपाताच्या बाजूचे भाषण करावे, असा सल्ला मी देणार नाही. त्याने मते मिळणार नाहीत आणि विरोधकाला लिंगनिवडीचे समर्थन केल्याचा आरोप करायला जागा मिळेल. मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत, त्यामुळे काही गोष्टी जाहीरनाम्यात ‘माता आरोग्य’ या मथळ्याखाली बिनदिक्कत घालता येतील. आपल्या गटातील कोणत्या केंद्रात गर्भपाताचे प्रशिक्षण घेतलेला वैद्यकीय अधिकारी आहे, गोळ्यांचा साठा असतो का, रुग्णवाहिका सिव्हिलपर्यंत किती वेळात पोहोचते, हे प्रश्न आरोग्य समितीत विचारण्याचे वचन द्यावे. दुसरे म्हणजे सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायद्याला फक्त तिची संमती लागते, तरी अनेक ठिकाणी नवऱ्याची सही मागतात आणि ती नाही म्हणून बाईला परत पाठवतात. ही सही मागू नये असे लेखी परिपत्रक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून काढून घेता येते, त्याला पैसा लागत नाही. आशा सेविकांना या मुद्द्यावर आधी बोलते करा. कोणत्या गावची बाई कुठून परत आली, हे त्यांना ठाऊक असते, आणि तुमच्या गटातली खरी अडचण गोळ्यांची आहे, सहीची आहे की रस्त्याची, हे त्यांच्याकडूनच कळेल.